आज कोण आलं नाही?

ज्युली ओत्सुका या जपानी-अमेरिकन लेखिकेची ‘द स्विमर्स’ ही छोटेखानी कादंबरी 2022 साली आली. पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतलं अँड्र्यू कार्नेगी पदक मिळालं. जमिनीखालच्या एका तरणतलावात रोज पोहणारी माणसं पहिल्या भागात एका सुरात, ‘आम्ही’ म्हणून बोलतात. मग तलावाच्या तळाला भेग दिसते, तिचं कारण सापडत नाही, तलाव बंद होतो. पोहणाऱ्यांपैकी अ‍ॅलिस ही प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई. तिला स्मृतिभ्रंश आहे. उरलेलं पुस्तक तिचं आणि तिच्या मुलीचं आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या दोन वाचकांचा हा संवाद. मामा जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले अभियंते, सकाळच्या बॅचला नेमाने पोहणारे. भाची महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. तिची आई म्हणजे मामांची थोरली बहीण, अक्का. अखेरच्या वर्षांत अक्कांना हाच आजार होता.

मामा: पहिला भाग वाचताना वाटलं, ही बाई आमच्या बॅचला येऊन बसली असावी. वर रस्त्यावर कुणी मोठा, कुणी कर्जबाजारी, कुणाचं लग्न मोडलेलं. खाली पाण्यात मात्र तीनच जाती: जलद लेन, मधली लेन, सावकाश लेन. आमच्याकडेही तसंच आहे गं. टोपी आणि गॉगल चढवला की निवृत्त न्यायाधीश कोण आणि रिक्षावाला कोण, ओळखून दाखव. वर्षानुवर्षं शेजारच्या लेनमध्ये पोहणाऱ्याचं आडनाव मला माहीत नाही, पण त्याचा डावा खांदा दुखतो हे माहीत आहे.

भाची: मला नेमकी तीच पानं खटकली, मामा. अ‍ॅलिसला लॉकरचा आकडा आठवत नाही, टॉवेल कुठे ठेवला ते आठवत नाही, पण पाण्यात उतरली की हातपाय आपोआप चालतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे तिला सांभाळून घेतात. मग तलाव बंद होतो आणि ते ‘आम्ही’ पुस्तकातूनच नाहीसं होतं. पुढे तिला संस्थेत ठेवतात, तेव्हा जलद लेनमधलं कुणी नाही, सावकाश लेनमधलं कुणी नाही. एवढी जवळीक होती, तर पाण्याबाहेर ती एक दिवसही का टिकली नाही?

मामा: जागाच गेली, तर माणसं भेटणार कुठे? पार पाडला की पारावरच्या गप्पा कुणाच्या ओसरीवर जाऊन होत नाहीत. म्हणून माझा राग पोहणाऱ्यांवर नाही, कुलूप लावणाऱ्यांवर आहे. भेग दिसली की काय करायचं असतं, हे मी तीस वर्षं केलंय. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, दोन्ही कडांना पक्की. तारीख लिहायची. काच तडकली तर भेग जिवंत, वाढतेय. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. गळती बघायला तर साधी बादली पुरते. तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवायची, बादलीच्या आत आणि बाहेर पातळीची खूण करायची. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं पाणी सारखं उतरलं तर ते उन्हावाऱ्यानं गेलं. बाहेरचं जास्त उतरलं तर तलाव गळतोय. या पुस्तकात तज्ज्ञ येतात, तर्क लढवतात, निघून जातात, आणि तलाव बंद! बंद करण्याचा निर्णय कुणीतरी घेतला ना? लेखिका तो दैवाने घेतल्यासारखा सांगते.

भाची: कादंबरीला पाहणी अहवाल समजून वाचताय तुम्ही. भेगेचं कारण सापडत नाही, हाच तर त्या प्रकरणाचा जीव आहे. आईचं सुरू झालं तेव्हा आपण काय केलं, आठवा. बाबा म्हणाले, थकलीय. मी म्हणाले, कानाला कमी येतंय. तुम्ही म्हणालात, अक्का पहिल्यापासूनच विसरभोळी. पोहणारेही तेच करतात. कुणी म्हणतो भेग नाहीच, कुणी रोज बुडी मारून तिच्याकडे टक लावून बघतो, कुणी यायचंच सोडून देतो. आजाराभोवती घर कसं वागतं, हे मी इतकं अचूक कुठे वाचलं नव्हतं.

मामा: ते मानलं. अक्काच्या बाबतीत मी तेच म्हणालो होतो. पण म्हणून दोन्ही भेगा एका मापाच्या होत नाहीत. मेंदूतली भेग बुजवायचं औषध आज कुणाकडे नाही. तलावाची भेग बुजवता येते. दोन्ही शेजारी ठेवल्या की जी बुजवता येते तिच्याकडेही माणूस हताश होऊन बघायला लागतो. सार्वजनिक वास्तूंच्या बाबतीत हे फार घातक आहे. आधी देखभाल करायची नाही, मग वास्तू ‘जुनी झाली’ म्हणायचं, मग तिच्या जाण्याचं दुःख करायचं.

भाची: तलाव बंद करणं हा निर्णय असतो, याचा पुरावा खुद्द अमेरिकेत आहे. मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. गोऱ्यांचे तलाव वेगळे, काळ्यांचे वेगळे. न्यायालयाने ही फाळणी बेकायदा ठरवली, तेव्हा शहराने एकत्र पोहण्यापेक्षा आपले सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1971 साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की तलाव बंद ठेवले तर राज्यघटनेचा भंग होत नाही. सगळ्यांनाच बंद, म्हणजे कुणावर अन्याय नाही, असं ते तर्कशास्त्र. आता मला सांगा, पाण्यात सगळे सारखे होतात, की जे सारखे वाटतात त्यांनाच पाण्यात सोडलं जातं?

मामा: ते त्यांच्याकडचं झालं.

भाची: आपल्याकडचं हवंय? इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबाद. 1934 साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांबरोबर वेरूळच्या वाटेवर किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना, धुळीने माखलेली माणसं. दाराजवळच्या हौदावर सगळ्यांनी हातपाय, तोंड धुतलं. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला म्हणून. जमाव जमला. अखेर किल्ल्यात सोडलं ते एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. आंबेडकरांनी स्वतः ही हकिगत लिहून ठेवली आहे. पुढे 1950 साली त्याच माणसाने याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं. तुमच्या बॅचमध्ये आज आडनाव विचारत नाहीत, हे चांगलं आहे. पण त्या न विचारण्यामागे एवढा इतिहास आहे. ते पाण्याच्या गुणाने आपोआप घडलेलं नाही.

मामा: पण हे तर माझ्याच बाजूचं बोललीस तू. गावातली विहीर कुणाच्या तरी वावरात असते. तिच्यावर कुणी यायचं ते मालक ठरवतो. महापालिकेच्या तलावावर तिकीट काढलं की कुणालाही उतरता येतं. सार्वजनिक तलावाची किंमत हीच आहे. महाडला तरी भांडण कशाचं होतं? तळं सार्वजनिक आहे, एवढंच तर सिद्ध करायचं होतं.

भाची: कागदावर ते आधीच सार्वजनिक होतं, मामा. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं. तरी 20 मार्च 1927 रोजी आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन ओंजळीने पाणी प्यावं लागलं, आणि नंतर त्या माणसांना मार खावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडलं. फलक लावला म्हणून पाणी सार्वजनिक होत नाही. आणि आपल्या शहरात तर नळाला रोज पाणी येत नाही. जिथे बाया टँकरची वाट पाहतात, तिथे निळ्याशार पाण्यात फेऱ्या मारणारे ‘आम्ही’ मला मूठभरांचेच वाटतात.

मामा: थांब, इथे हिशेब करू. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. झालं पावणेपाच लाख लिटर. ते रोज ओतून देत नाहीत, गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. एक एकर उसाला एका हंगामात साधारण ऐंशी लाख लिटर लागतं. टंचाई आली की बोट मात्र पहिलं तलावाकडे जातं, कारण तिथलं पाणी डोळ्याला दिसतं. हे शहर वसवलं मलिक अंबरने, आणि डोंगरातलं पाणी खापरी नळांनी गावात आणलं तेही त्यानेच. त्याच पद्धतीने पुढे पाणचक्कीवर आणलेलं पाणी आजही लोक बघायला जातात. पाणी सगळ्यांच्या दाराशी न्यायचं, ही या गावाची जुनी विद्या आहे. तलाव बंद केला म्हणून टँकरवरची बाई सुटत नाही. दोन्ही प्रश्न सोडवायचे असतात.

भाची: बरं, हिशेब मान्य. पण तुमच्या या विद्येने आईची विहीर बुडवली, तेही हिशेबात घ्या.

मामा: ती माझीही विहीर होती, पोरी. 1965 साली शास्त्रीजींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. आपलं गाव त्या दरम्यान उठलं. विहीर नाथसागराच्या पोटात गेली, आणि मी पुढे त्याच धरणाच्या कालव्यांवर नोकरी केली. त्या पाण्यावर कोरडी रानं भिजताना पाहिली मी. त्यामुळे धरण चूक होतं असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण अक्का ज्या विहिरीत पोहायला शिकली तिचा काठ आज कुणालाच दाखवता येत नाही, हेही खरंच आहे.

भाची: तिला कुणी शिकवलं?

मामा: कुणीच नाही. थोरल्या भावाने मला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं. मी घाबरून रडत वर आलो. अक्का काठावर धुणं धूत होती. तिने डबा माझ्या पाठीवरून सोडला, आपल्या पाठीला बांधला आणि सूर मारला. चार दिवसांत डबा सुटला तिचा. नंतर ती मोठी झाली, आणि आजीनं विहीर बंद केली.

भाची: तिच्यासाठी बंद केली. तुमच्यासाठी नाही.

मामा: हो. माझ्यासाठी नाही.

भाची: बघा, तुमच्या त्या विहिरीतही ‘आम्ही’ होते, आणि तिथून एक बाई कमी झाली तेव्हा पोहणं थांबलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, इथे महिलांची बॅच निघाली, तेव्हा ती पुन्हा पाण्यात उतरली. म्हणून कादंबरीचं मधलं प्रकरण मला सर्वांत थोर वाटतं. त्यात घटना नाहीत, नुसती यादी आहे. अ‍ॅलिसला काय आठवतं, काय आठवत नाही. सकाळचं आठवत नाही. लहानपणी युद्धाच्या काळात वाळवंटातल्या छावणीत ठेवलं होतं ते आठवतं. जन्मून लगेच गेलेली पहिली मुलगी आठवते. आईचं हुबेहूब असंच होतं. माझं नाव गेलं, तुमचं गेलं. डबा राहिला.

मामा: छावणीचं ते वाचताना मी अडखळलो. ते काय प्रकरण आहे?

भाची: 1942 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरची सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसं घरांतून उचलून छावण्यांत कोंडली. त्यांतली बहुसंख्य अमेरिकेची नागरिकच होती. ओत्सुकाच्या आधीच्या दोन कादंबऱ्या याच विषयाभोवती आहेत. त्यांतली दुसरी, ‘द बुद्धा इन द अ‍ॅटिक’, जहाजाने अमेरिकेत आलेल्या जपानी नववधूंची. तीही ‘आम्ही’ म्हणूनच बोलते. पण शेवटच्या प्रकरणात त्या बायका छावण्यांत गेलेल्या असतात, आणि तिथे जे ‘आम्ही’ बोलतं ते मागे उरलेल्या गोऱ्या शेजाऱ्यांचं. आधी ते हळहळतात, आठवण काढतात. मग बंद दुकानांत नवे लोक येतात आणि हळूहळू सगळं विसरलं जातं. हे वाचलं असेल, तर ‘द स्विमर्स’मधल्या त्या लाघवी ‘आम्ही’वर विश्वास बसत नाही. या लेखिकेला पक्कं माहीत आहे, की घोळका माणसाला सामावून घेतो त्याच सहजतेने विसरतोही.

मामा: मग तो संस्थेचा भाग, बेलाविस्ता. तिथेही ‘आम्ही’ बोलतं. मी वाचत होतो, आणि दोन पानांनंतर लक्षात आलं, हा आवाज कंपनीचा आहे. तुमच्या वस्तू अमुकच आणा, जादा सेवेचे जादा पैसे, इथून परत जाणं नाही. वाचून अंगावर काटा आला, कारण तलावाच्या भागातही नियमच नियम होते. तिथे मला ते आवडले होते.

भाची: फरक कशाने पडला?

मामा: तलावाचे नियम पोहणाऱ्यांनी एकमेकांसाठी पाळलेले. बेलाविस्ताचे नियम राहणाऱ्यांवर लादलेले. आणि अजून एक फरक आहे. तलावावर अ‍ॅलिस कोण होती, काय विसरली, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आज आली आहेस, उतर पाण्यात. घरात मात्र आपण सगळे अक्काला परीक्षेला बसवत होतो. मला ओळखलंस का? आज वार कोणता? सांग, हा कोण? तुला वाईट वाटेल, पण मला वाटतं मुलीच्या प्रेमात ही परीक्षा असतेच. तलावावर ती नसते.

भाची: वाईट वाटतं, कारण खरं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आठवतो? मोहन आगाशे संस्कृतचे पंडित, सगळं विसरलेले, रस्त्यात हत्तीच्या मागे चालत जातात. मुलगी जीव टाकून शोधते. आणि इकडे माहुताची बायको, अमृता सुभाष, त्यांना लेकरासारखं खाऊपिऊ घालते. तिला त्यांची विद्वत्ता माहीत नाही, नाव माहीत नाही. त्यामुळे त्यांनी काय गमावलं, ते ती मोजतच नाही. समोर भुकेलं माणूस आहे, एवढं तिला पुरतं.

मामा: म्हणजे अनोळखी माणसं सांभाळू शकतात, हे तू मान्य केलंस.

भाची: माहुताची बायको सांभाळू शकते. तिने काही केलं, म्हणून. तुमच्या तलावावरच्यांनी फक्त विचारलं नाही. न विचारण्यात मोकळेपणा आहे, हे खरं. पण त्यातच निष्काळजीपणाही लपतो. जो हजर आहे त्याला काही विचारू नका, हे मला पटतं. जो आला नाही, त्याच्याबद्दल मात्र विचारलंच पाहिजे. घोळका आणि समाज यांतला फरक मला तिथे दिसतो. दौलताबादच्या हौदावर कोण नाही, विहिरीवरून कोण कमी झालं, छावणीत कोण गेलं, अ‍ॅलिस कुठे आहे, हा एकच प्रश्न आहे. आज कोण आलं नाही?

मामा: मग मी बॅचमध्ये मांडतो. पासच्या फॉर्मवर घरच्या माणसाचा नंबर लिहून घ्यायचा. नेमाने येणारं माणूस आठवडाभर दिसलं नाही, की फोन गेलाच पाहिजे. नियमच करायचा.

भाची: आणि वर्षभरात तो नियम कारकुनाच्या टेबलावर जाईल. ‘आपण गैरहजर आहात, कृपया कळवावे.’ त्याचं बेलाविस्ता व्हायला वेळ लागत नाही.

मामा: नियम नसताना अक्काकडे किती जणी आल्या?

भाची: दोघी. सावकाश लेनमधल्या. न सांगता आल्या. तिला रिक्षात घालून न्यायच्या, पाण्यात एक डावीकडे, एक उजवीकडे. डॉक्टर म्हणाले होते, सरावाने अंगात मुरलेलं उशिरा जातं, पण एकटीला सोडू नका. ती त्या दोघींमध्ये पोहायची.

मामा: बॅच केवढी मोठी, आणि न सांगता निघाल्या त्या दोघीच. बाकीच्या काही दगडाच्या नव्हत्या. त्यांना सुचलं नाही, संकोच वाटला, पत्ता माहीत नव्हता. त्यांच्यासाठी नियम लागतो. महाडला ठराव होता आणि माणसं नव्हती, म्हणून तळं बंद राहिलं. पण माणसं गेल्यावरही निकाल लागतोच ना? पुढच्या माणसाला दर वेळी मार खायला लागू नये, म्हणून निकाल लागतो. भलेपणावर भिस्त ठेवून वास्तू चालत नाही. मी देखभालवाला माणूस आहे, मला हेच कळतं.

भाची: ठीक आहे, नियम करा. पण त्यात दोन गोष्टी माझ्या घाला. फोन कारकुनाने करायचा नाही, त्याच लेनमधल्या माणसाने करायचा. आणि ‘का येत नाही’ एवढंच विचारून ठेवायचा नाही. ‘न्यायला येऊ का?’ हेही विचारायचं.

मामा: आणि माणूस म्हणालं, आता पोहणं होत नाही, तर?

भाची: तर काठावर येऊन बसू द्या. फक्त काठावर बसणाऱ्याला पास लागतो की नाही, ते आधी ठरवा. तुमच्या बॅचचं ‘आम्ही’ कुठपर्यंत पोचतं, ते त्यावरून कळेल.

मामा: पास लागणार नाही, असं मी मांडेन. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही.

भाची: नामंजूर झालं, तर विरोध कुणी केला ते मला सांगा. त्यांना आपण हे पुस्तक वाचायला देऊ, आणि पुन्हा मांडू.